बिघडलेल्या केसांचा इतिहास

केस बिघडले, ही तक्रार आपल्याकडे गांभीर्याने घेण्याची रीत नाही. 'महिन्याभरात वाढतील' एवढे बोलून ऐकणारा मोकळा होतो आणि सांगणाराही चारचौघांत हसून विषय संपवतो. मराठी वाङ्मयात हा प्रसंग आला तर तो बहुधा विनोदी लेखनाच्या आश्रयाने येतो. भाषेनेही हीच दिशा धरलेली दिसते. कोणी फसवले की त्याने 'शेंडी लावली', विश्वासघात केला की 'केसाने गळा कापला', आणि भर सभेत कोणाची खरडपट्टी निघाली की त्याची 'बिनपाण्याने हजामत' झाली. केस, वस्तरा आणि कात्री यांच्याभोवती एवढे वाक्प्रचार जमा होतात, तेव्हा तेथे केवळ विनोद नसून काही जुने भय व काही जुना अपमानही दडलेला असावा, अशी शंका अभ्यासकाला आली पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही या शंकेचाच मागोवा घेणार आहोत. आमचा प्रश्न साधा आहे : आपल्या केसांविषयी निराश होण्याची सोय माणसाला केव्हापासून उपलब्ध झाली?

प्रथम शब्दांकडे पाहू. 'न्हावी' हा शब्द प्राकृतातील 'ण्हाविअ'वरून आला. संस्कृत 'नापित' हा त्याचा आप्त. 'हजाम' अरबीतून आला आणि मुळात त्याचा अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणारा असा होता. म्हणजे ज्या शब्दाचा आज शिवीसारखा उपयोग होतो, तो एकेकाळी वैद्यकाच्या उंबरठ्यावरचा शब्द होता. 'श्मश्रू' आणि 'क्षौर' हे संस्कृत शब्द शिष्ट बोलण्यात राहिले, 'वारीक' हा शब्द संतवाङ्मयात राहिला, आणि बाजारात मात्र 'सलून' हा परदेशी शब्द स्थिरावला. फ्रेंचमध्ये तो दिवाणखान्याचे नाव होता. 'चंपी'ने याच्या उलट प्रवास केला : हिंदुस्थानी 'चांपो'पासून इंग्रजांचा 'शॅम्पू' झाला आणि बाटलीत भरून तो आपल्याकडे परत आला. एकाच कारागिराची ही इतकी नावे आहेत, आणि प्रत्येक नावाबरोबर त्याची समाजातली पायरी बदलते.

गावगाड्यात नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे जे चित्र आहे, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : बलुतेदार हा ग्राहकाचा नसून गावाचा असतो. घरे ठरलेली, वार ठरलेले आणि मोबदलाही ठरलेला; सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. धोकटी घेऊन तो दारी येई, अंगणात किंवा झाडाखाली बसे, आणि शेवटी हातभर अंतरावरून एक लहानसा आरसा दाखवी. त्या आरशात पाहून पसंती-नापसंती ठरवायची नसे. काम संपले, एवढीच ती खूण होती. डोक्याचा आकार जातीने, वयाने, धर्माने आणि सुतकाने आधीच ठरवून दिलेला. घेरा किती ठेवायचा, शेंडी कोठे राखायची, कोणत्या प्रसंगी गोटा करायचा, हे ना डोक्याचा मालक ठरवी, ना वस्तऱ्याचा. जेथे निवडच नाही तेथे निराशाही नाही. फार तर वस्तरा लागला, रक्त आले, एवढीच तक्रार संभवे. या व्यवहारात निराश होण्याचे कारण असलेच तर ते नाभिकाला होते : वर्षभर राबून खळ्यावर पदरात पडणारे धान्य कमी भरले, तर त्याने कोणाकडे दाद मागावी?

या कारागिराच्या अंगी जे होते त्याची एक आठवण संतपरंपरेने जपली आहे. सेना महाराज हे वारकरी संप्रदायातील नाभिक संत. त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला असते, आणि त्यांच्या नावचे एक पद शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबातही समाविष्ट आहे. आपल्या व्यवसायावर रचलेल्या अभंगात त्यांनी धोकटीतील हत्यारांनाच आध्यात्मिक गुणांची रूपके केली. म्हणजे ज्या कामासाठी हिणवले जाई, तेच काम त्यांनी परमार्थाची भाषा म्हणून वापरले. महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) त्यांची कथा येते. सेना पूजेत गुंतले, राजाचे बोलावणे आले, आणि विठ्ठलच सेनांचे रूप घेऊन राजाची सेवा करून आला. तेलाच्या वाटीत राजाला देवाचे प्रतिबिंब दिसले. पुढे खरे सेना आले तेव्हा राजाला पुन्हा तेच रूप पाहायचे होते, आणि ते काही दिसेना. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. परंतु कालच्या हाताची आठवण आजच्या हाताला लावून पाहणे, हे जे निराशेचे मूळ, ते या कथेत अगोदरच उपस्थित आहे. फरक एवढाच की तेथे असे निराश होण्याचा अधिकार केवळ राजाला आहे.

इतरांना तो नव्हता, हे सांगणारे दोन पुरावे आपल्या अलीकडच्या इतिहासातच आहेत, आणि ते विनोदाने घेण्यासारखे नाहीत.

पहिला पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींतला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मकथनपर लेखनात त्यांनी साताऱ्यातील बालपणाविषयी सांगितले आहे की घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापीत असे आणि त्या कामात ती चांगलीच तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता. या नकाराचा दोष एका व्यवसायावर ढकलणे सोपे आहे. पण गावगाड्यात बलुतेदाराला नकार देण्याचेही स्वातंत्र्य नव्हते आणि होकार देण्याचेही. अस्पृश्याच्या डोक्याला लागलेला वस्तरा सवर्णाच्या डोक्याला चालत नसे. एका बाजूला केस बिघडण्याची भीती तर सोडाच, केस कापून घेण्याचीच मनाई, असे हे चित्र आहे.

दुसरा पुरावा याच्या नेमका उलट. ब्राह्मण व तत्सम जातींतील विधवांना केस राखण्याची मनाई होती. नवरा वारला की वपन, आणि पुढे ते आयुष्यभर चालू. येथे वस्तरा दारी येई तो बाईच्या इच्छेविरुद्ध. हरी नारायण आपटे यांच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' या 'करमणूक'मधून क्रमशः आलेल्या कादंबरीत यमूवर हाच प्रसंग ओढवतो, आणि मराठी कादंबरीतील सर्वांत असह्य प्रसंगांत त्याची गणना करावी लागते. डोक्यावरचे केस जाणे म्हणजे केवळ रूप जाणे नव्हे, तर स्वतःच्या देहाविषयी मत असण्याची शक्यताच जाणे, हे आपट्यांनी ओळखले होते. पार्वतीबाई आठवले यांनी पुढे वपन सोडून केस राखले आणि तो निर्णय 'माझी कहाणी' (१९२८) या आत्मचरित्रात नोंदवला. स्वतःच्या केसांसंबंधी स्वतः निर्णय घेतल्याची आणि तो लिहून ठेवल्याची आपल्या वाङ्मयातील ही एक महत्त्वाची नोंद म्हटली पाहिजे.

या दोन टोकांच्या मध्ये १८९० सालची घटना उभी आहे. गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्या वर्षी मुंबईत नाभिकांची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार तेथे करण्यात आला. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात हा संप म्हणून सांगितला जातो. त्याचे महत्त्व आम्हांस निराळ्या कारणासाठीही वाटते. वपनाच्या प्रश्नावर सुधारक लिहीत होते, सनातनी शास्त्रार्थ काढीत होते. पण प्रत्यक्ष वस्तरा ज्याच्या हाती होता त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने स्वतःच सांगितले की हे काम आम्ही करणार नाही. हातावर पोट असणाऱ्या माणसाने उत्पन्नाचा एक भाग सोडून दिला. गावाचा सेवक म्हणून ज्याची गणना होई, त्याने आपल्या कामाचा नैतिक हिशेब आपणच मांडला. महाराष्ट्रातील नाभिकांच्या इतिहासात प्रतापगडच्या जिवा महालाचे आणि १६६० साली पन्हाळ्याहून शिवरायांची सुटका व्हावी म्हणून त्यांचे रूप घेऊन मृत्यू पत्करणाऱ्या शिवा काशिदाचे नाव अभिमानाने घेतात, आणि ते योग्यच आहे. १८९०च्या सभेतील अनाम कारागिरांना मात्र अद्याप त्या मानाने जागा मिळालेली नाही.

आता विठ्ठलवाडीकडे वळू. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावरील हे पहिले स्थानक. नाव विठ्ठलाचे आणि वस्ती उल्हासनगरला लागून. दुसऱ्या महायुद्धात या परिसरात लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण केले. आजही येथील भाग क्रमांकाने, 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' असे ओळखले जातात. आमच्या विषयाच्या दृष्टीने या भूमीचा इतिहास विलक्षण बोलका आहे. छावणीत केस कापले जातात ते हुकुमाने. सैनिकाच्या आवडीचा तेथे प्रश्नच नाही. निर्वासितांच्या वसाहतीत याच्या उलट स्थिती. येथे गाव नाही, म्हणून खळे नाही. खळे नाही, म्हणून बलुते नाही. कोणाचा पिढीजात न्हावी कोणाच्या दारी येणार? ज्याला केस कापायचे आहेत त्याने दुकान शोधायचे, दर विचारायचा, रोख पैसे मोजायचे. जे संक्रमण इतर महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या रेंगाळले, ते अशा वसाहतीत पहिल्याच दिवशी करावे लागले.

हे दुकान कायद्याने कोणासाठी खुले असावे, याचा निर्णयही त्याच काळात होत होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावविरोधी कलमावर चर्चा चालू असता 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला. आंबेडकरांनी तो शक्य तितका व्यापक करून सांगितला : जो येईल त्याला सेवा देण्यास मालक जेथे तयार आहे, ते दुकान. केवळ आत पाऊल टाकण्याचा हक्क त्यांना अभिप्रेत नव्हता. ठरलेल्या अटींवर सेवा मिळण्याचा हक्क अभिप्रेत होता. साताऱ्याच्या घरात बहिणीच्या कात्रीखाली बसलेल्या मुलाने पुढे केलेली ही व्याख्या आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्यातील एकेक शब्दाचे वजन कळते. १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. कायदा झाला म्हणून गावोगावचे वस्तरे एका रात्रीत सर्वांसाठी चालू लागले नाहीत, हे खरे. परंतु खुर्चीवर बसण्याचा अधिकार प्रथम कागदावर आला, आणि निराश होण्याचा अधिकार त्याच्या पाठोपाठ आला.

कारण शहरी सलूनमध्ये खुर्चीबरोबर तीन नव्या गोष्टी आल्या : भिंतभर आरसा, भिंतीवरचे चित्र आणि दरपत्रक. आरशाने कृती चालू असतानाच ती पाहण्याची सोय केली. दरपत्रकाने हिशेब दिला. चित्राने मात्र वचन दिले, आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली. १९६० साली 'लव्ह इन शिमला' प्रदर्शित झाला. नायिकेचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर केसांची झालर कपाळावर आणली गेली, आणि देशभरच्या मुली 'साधना कट' मागू लागल्या. साधना शिवदासानी या स्वतः कराचीत जन्मलेल्या सिंधी कन्या, फाळणीने मुंबईत आलेल्या. म्हणजे उल्हासनगरच्या बराकींत जे घडले त्याच उलथापालथीतून ही केशरचनाही आली. पुढे 'तेरे नाम' (२००३) नंतर मधोमध भांग पाडलेली लांब झुलपे गल्लोगल्ली दिसू लागली. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा घ्यायचा, ही कोटी या पट्ट्यात सर्वांना पाठ आहे. अस्सल आणि नक्कल यांतील अंतर हसून स्वीकारणारे हे शहर आहे. पण पँट आणि डोके यांत फरक असतो. नकली पँट बदलता येते; दुसऱ्याच्या चेहऱ्यासाठी केलेली रचना आपल्या चेहऱ्यावर बसली नाही, तर ती महिनाभर वागवावी लागते.

विठ्ठलवाडी परिसरात अलीकडे उघडलेल्या अशाच एका काचेरी, वातानुकूलित सलूनमध्ये आमच्यापैकी दोघांचे केस असे बिघडले की वर्गात जाण्यापूर्वी दोघांनाही टोपीचा विचार करावा लागला. तो प्रसंग येथे नोंदवण्याचे कारण तक्रार हे नसून त्यातील भाषाव्यवहार हे आहे. 'मागून बारीक, वरून मध्यम' असे सांगितले गेले. समोरच्या तरुणाने विचारले, 'कितवा नंबर?' यंत्राच्या फणीचे क्रमांक असतात : एक म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, चार म्हणजे सुमारे तेरा. 'बारीक' हा शब्द या श्रेणीत कोठेच बसत नाही. जुन्या कारागिराशी बोलताना तो बसत असे, कारण 'बारीक' म्हणजे या माणसाचे बारीक, हे त्याला मागच्या वीस वर्षांवरून ठाऊक असे. टाळूवरचा भोवरा कोणत्या दिशेला फिरतो, कोठे केस उभे राहतात, कानामागची कोणती जखम चुकवायची, ही माहिती त्याने कोठे लिहून ठेवलेली नसे. ती त्याच्या बोटांत होती. ओले केस ताणले की लांब दिसतात आणि वाळल्यावर आखडतात, म्हणून बोटभर जास्त राखावे लागतात, हेही त्या बोटांना माहीत असते. नव्या दुकानात खुर्ची तीच राहते, माणूस दर दोन-चार महिन्यांनी बदलतो. तोही बहुधा दूरच्या गावाहून आलेला, टक्केवारीवर राबणारा, आणि पुढचे गिऱ्हाईक ताटकळत असल्याने घाईत असलेला. येथे बिघडते ते एकट्या माणसाचे कसब नव्हे. ओळख साठवून ठेवण्याची जागाच व्यवहारातून नाहीशी झाली आहे.

ओळख गेली की उरतो करार, आणि करार मोडला की न्यायालय. एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातील सलूनमध्ये एका महिलेचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. केसांच्या उत्पादनांच्या जाहिरातींत आपण काम करतो, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांना दोन कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एवढ्या रकमेला पुराव्याचा आधार हवा, असे म्हणून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. सेवेतील न्यूनता मान्य होणे आणि तिची किंमत ठरणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, ते या प्रकरणात दिसते. केसांचे मोल रुपयांत मांडताना न्यायसंस्थाही अडखळते, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. ज्या देशात शतकभरापूर्वी विधवेच्या केसांचे मोल शून्य होते, तेथे हा हिशेब अजून बसायचाच आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू २०२० मध्ये दिसली. मार्चपासून टाळेबंदी लागली, सलून बंद झाली, आणि महाराष्ट्रात ती २८ जूनपासून उघडली तीही केस कापण्यासारख्या ठरावीक सेवांपुरती. दाढीला परवानगी नव्हती. त्या तीन महिन्यांत घराघरांत बायकोने, बहिणीने, मुलाने कात्री हाती घेतली. जे निकाल लागले त्यांची छायाचित्रे सर्वत्र फिरली आणि लोक पोट धरून हसले. त्याच तीन महिन्यांत रोजच्या कमाईवर जगणाऱ्या कारागिरांच्या घरी काय शिजत होते, याची विचारपूस त्या मानाने थोड्यांनी केली. केस बिघडले की गिऱ्हाइकाचा एक महिना जातो. दुकान बंद राहिले की कारागिराचे वर्ष जाते. खळ्यावर कमी भरलेल्या धान्याबद्दल त्याने कोणाकडे दाद मागावी, हा गावगाड्यातला प्रश्न काचेच्या दारामागेही सुटलेला नाही.

म्हणून बिघडलेल्या केसांबद्दलची निराशा आम्ही क्षुल्लक मानत नाही. ती व्यक्त करता येण्यासाठी आधी डोके आपले व्हावे लागते, खुर्ची सर्वांची व्हावी लागते आणि वस्तरा धरणाऱ्याला माणूस म्हणून मोबदला मिळावा लागतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी या महाराष्ट्रात माणसे झगडली आणि त्यांच्या झगड्याचा काही भाग लिहिला गेला. तिसरीचा इतिहास मात्र आपल्या हाती फारच तोकडा आहे, कारण तो गिऱ्हाइकांनी लिहिला आहे. विधवेने आपली कहाणी लिहिली, अस्पृश्याने लिहिली. धोकटीवाल्याची कहाणी त्याच्या तोंडून आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच येते. विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यातील साठ-सत्तरी ओलांडलेले जे कारागीर अजून खुर्चीमागे उभे आहेत, त्यांना छावणीनंतरचे हे शहर डोक्याडोक्याने ठाऊक आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्या दुकानातील बाकावर काही दुपारी बसावे, असे आम्हांस वाटते. तेथे जुनी वर्तमानपत्रे असतात, ऐकायला वेळ असतो, आणि सांगणाऱ्याचे हात चालू असले तरी तोंड मोकळे असते.